बेळगाव–निपाणी लिंक ९४ एमबीवरच का अडते? (लांब पल्ल्याच्या पोर्टचे बफर क्रेडिट)

प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव ते निपाणी डीडब्ल्यूडीएमवरून (एकाच फायबरवर अनेक रंगांचा प्रकाश नेणारी यंत्रणा) लिंक, दोन्ही टोकांना ब्रोकेडच्या स्टोरेज स्विचचे ८जी (८ गिगाबिट फायबर चॅनल) पोर्ट एलई या लांब पल्ल्याच्या मोडवर, सीआरसी एरर (खराब झालेल्या फ्रेम) शून्य, तरी स्टोरेजची प्रत सेकंदाला ९०-९५ एमबीच्या पुढे सरकत नाही. फायबरवाल्यांशी भांडण्यात अर्थ नाही, कारण हा आकडा हिशोबानेच येतो.

रस्त्याने अंतर सत्तर-पंचाहत्तर किमी असले तरी तुमच्या ओटीडीआर (फायबरची लांबी मोजणारे यंत्र) अहवालात केबल ९० किमी आहे. तोच आकडा धरायचा. काचेतून प्रकाशाला किमीला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे फ्रेम जाऊन क्रेडिट परत यायला ९००. क्रेडिट म्हणजे पलीकडच्या पोर्टच्या बफरमध्ये एका फ्रेमची जागा; ते संपले की पुढची फ्रेम पाठवता येत नाही. एलई मोड १० किमीपुरताच असतो आणि ८जीवर डेटासाठी ४० क्रेडिट देतो. ४० गुणिले २,११२ बाइट दर ०.९ मिलिसेकंदाला, झाले ९४ एमबी. उरलेला वेळ पोर्ट नुसता वाट बघतो.

क्रेडिट हवेत किती? किमी गुणिले स्पीड (८जीला ८) भागिले २, अधिक ६: इथे ३६६. पण हा हिशोब पूर्ण भरलेल्या फ्रेमचा आहे आणि गोची इथेच होते: फ्रेम लहान असली तरी क्रेडिट एक जातेच. पोर्ट-स्टॅट्स-शो या कमांडमधले स्टॅट-डब्ल्यूटीएक्स (पाठवलेले ४ बाइटचे शब्द) गुणिले ४, भागिले स्टॅट-एफटीएक्स (पाठवलेल्या फ्रेम), ही तुमची सरासरी फ्रेम. जुन्या फॅब्रिक ओएसमध्ये (ब्रोकेड स्विचची प्रणाली) शब्दांचा हा काउंटर ३२ बिटचा आहे. तुमच्या वेगाला तो तीनेक मिनिटांत भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून पोर्ट-स्टॅट्स-६४-शो वापरा. सरासरी १,०५६ निघाली तर ३६०चे ७२० होतात, अधिक ६.

मोड एलएस (अंतर आपण हाताने देतो) घ्या, एलडी नको. एलडी लिंक उठताना अंतर मोजतो. महामार्गाच्या खोदकामात केबल तुटली आणि डीडब्ल्यूडीएमने पोर्टची लिंक न पाडता ट्रॅफिक घटप्रभा-चिकोडीकडून वळवले, तर स्विचला वाढलेल्या लांबीचा पत्ताच नसतो. तो बदली मार्ग १४० किमीचा असेल तर हिशोब १४०चाच करा.

एक्स्टेंडेड फॅब्रिक्सचे लायसन्स दोन्ही स्विचवर लागते. दुसरा आयएसएल (दोन स्विचमधली लिंक) चालू आहे ना ते बघून पोर्ट डिसेबल करा, मग: पोर्ट-सीएफजी-लाँग-डिस्टन्स, पोर्ट नंबर, एलएस, १, डॅश-डिस्टन्स १४०, डॅश-फ्रेमसाइझ १०५६. मधला १ म्हणजे व्हीसी ट्रान्सलेशन (लिंक कशी सुरू करायची ते ठरवणारी सेटिंग). तो दोन्हीकडे सारखा हवा, आणि ८जीवर फिल-वर्डशीही (रिकाम्या वेळी लिंकवर पाठवायचा शब्द) जुळायला हवा. निपाणीला हुबेहूब हेच. बेळगावहून निघणारा वेग निपाणीच्या बफरवर ठरतो, त्यामुळे एकच टोक बदलून भागत नाही.

नंतर पोर्ट-बफर-शो बघा. स्विच-शोमध्ये पोर्ट बफर लिमिटेड दिसला तर स्विचमधला बफरचा सामायिक साठा संपला आहे. अशा वेळी पोर्ट ४जीवर आणा. गरज निम्मी होते, आणि क्रेडिटअभावी ४०० एमबीच्या खालीच अडकलेल्या लिंकचे त्यात काहीच जात नाही.

शेवटी टिम-टीएक्ससीआरडी-झेड हा काउंटर. क्रेडिट शून्यावर असलेला वेळ तो २.५ मायक्रोसेकंदांच्या टिकांत मोजतो. पोर्ट-स्टॅट्स-क्लिअर करून प्रत चालू असताना बघा. बफर पुरेसे देऊनही तो धावत असेल तर पलीकडे एखादा ॲरे किंवा सर्व्हर फ्रेम वेळेत उचलत नाही. तिथे क्रेडिट वाढवणे म्हणजे रांग लांबवणे, दुसरे काही नाही. असे फ्रेम हळू उचलणारे उपकरण, म्हणजे स्लो ड्रेन, शोधा.

आणि डेटाबेसवाल्यांना आधीच सांगून ठेवा: साध्या एससीएसआय राइटला (डिस्कवर लिहिण्याची आज्ञा) दोन फेऱ्या लागतात, म्हणजे सिंक्रोनस प्रतीत (पलीकडे लिहून झाल्यावरच राइट पूर्ण) ९० किमीवर प्रत्येक राइटमागे १.८ मिलिसेकंदांची भर. बफर कितीही द्या, हा वेळ कमी होणार नाही. तो नको असेल तर प्रत असिंक्रोनस करा.