तेरा वर्षांच्या मुलाला विनोदी कादंबरी वाचून हसू का येत नाही?

तुमचा मुलगा आठवीत आहे. विनोदी म्हणून आणलेलं पुस्तक दहा पानं वाचून ठेवून देतो आणि ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ असं विचारतो. या वयासाठी चांगल्या विनोदी कादंबऱ्या कोणत्या आणि त्यांची गोडी कशी लावायची, हा तुमचा प्रश्न.

मी शिक्षिका नाही, ग्रंथपालही नाही. बँकेत नोकरी करते, आणि दर मे महिन्यात दोन भाचरं माझ्याकडे राहायला येतात, एवढाच माझा अधिकार. पण तुमच्या मुलाचं हे वाक्य मी माझ्या घरात शब्दशः ऐकलंय, म्हणून लिहितेय.

भाचा तेव्हा तेरा पूर्ण करून चौदाव्यात होता. मी कपाटातून चिं. वि. जोशींचं ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ काढून त्याच्या हातात दिलं आणि वर म्हणाले, “वाच, पोट धरधरून हसशील.” झालं, तिथेच माती खाल्ली. पोरगं परीक्षेला बसल्यासारखं बसलं. पंधरा मिनिटांनी पुस्तकात बोट घालून बाहेर आलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “मावशी, हसायचं नक्की कुठे?” विनोदी पुस्तक देताना ते विनोदी आहे हे सांगायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकले. सांगितलं की वाचणारा हसू शोधायला लागतो, आणि शोधून सापडेल ते कसलं हसू!

पण दोष फक्त माझ्या जाहिरातबाजीचा नव्हता. या मुलांना विनोद म्हणजे चुटका वाटतो. मोबाइलवर वीस सेकंदांत माणूस घसरतो, पडतो, संपलं. कादंबरीत तसं होत नाही. तिथे आधी एका माणसाची नीट ओळख व्हावी लागते, मग तो साधं ‘चहा ठेव’ म्हणाला तरी आपल्याला फुटायला होतं. आणि कुमारांसाठीच्या चांगल्या विनोदी कादंबऱ्यांत बहुतेक वेळा आणखी एक गंमत असते: आपण विनोदी आहोत हे नायकाला माहीतच नसतं. तो जीव तोडून गंभीर असतो. त्याला दिसत नाही ते आपल्याला दिसतं, आणि हसू येतं ते तिथून. त्यामुळे वाचणारा मुलगा नायकापेक्षा निदान एक पाऊल पुढे असायला हवा. बरोबरीला असला तर तो हसत नाही, नायकाची कीव करतो. मागे असला तर त्याला काहीच दिसत नाही. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. कारकुनी, बिऱ्हाड, सासरमाहेर यांतलं त्याला काय ठाऊक, की तो चिमणरावाच्या पुढे असेल?

उदाहरण देते, म्हणजे नीट कळेल. आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही १९३५ ची कादंबरी. मालगुडीतला शाळकरी स्वामीनाथन. मालगुडी दूरदर्शनमुळे आपल्या पिढीला पाठ आहे, पण पुस्तक फार कमी जणांनी वाचलंय. त्यात सुट्टीत वडील स्वामीला गणित घालतात: रामाकडे दहा आंबे आहेत, त्याला त्यांचे पंधरा आणे मिळवायचे आहेत. कृष्णाला चारच आंबे हवेत, तर त्याने किती पैसे द्यावेत? स्वामी गणित सोडून राम आणि कृष्ण या माणसांचाच विचार करत बसतो. शेवटी वडिलांना विचारतो, आंबे पिकलेले होते का?

मी हे भाचीला वाचून दाखवत होते. ती तेव्हा बारा वर्षांची. भाचा सोफ्यावर आडवा, कानात इअरफोन, आपला काही संबंध नाही असा चेहरा. ‘आंबे पिकलेले होते का’ला मी थांबले. भाची म्हणाली, “बरोबरच विचारतोय तो. हापूस की पायरी, तेही सांगितलेलं नाहीये.” सोफ्यावरून खुसकन हसल्याचा आवाज आला. इअरफोनमध्ये काहीच लावलेलं नव्हतं, हे त्यामुळे उघड झालं. तेव्हाच्या भाषेत सांगायचं तर उत्तर सहा आणे. ते स्वामी रडत रडत देतो, आणि त्या रडण्यापाशीही हसू येतं, कारण त्या जागेवर आपण सगळे बसून आलेलो असतो. माझी तर जागा स्वयंपाकघरातल्या पाटावर होती, गणित हौद भरायचं होतं, आणि मला प्रश्न पडला होता की खालचा नळ बंद का करत नाहीत.

त्याच पुस्तकातलं दुसरं प्रकरण त्याहून सरस आहे. पोरं क्रिकेट क्लब काढतात. मद्रासच्या एका दुकानाला पत्र टाकतात: बॅटी, चेंडू, स्टंप लवकर पाठवा, पैसे नंतर देऊ, घाबरू नका. दुकानाकडून रीतसर उत्तर येतं की आधी २५ टक्के रक्कम भरा. त्या व्यापारी इंग्रजीतलं एक अक्षर पोरांना कळत नाही. मग काथ्याकूट होतो आणि ठरतं की हे दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्याकडे आलंय. ते परत पाठवून देतात, आणि आमचं सामान तेवढं ताबडतोब पाठवा, म्हणून बजावतात. इथे लेखक एकदाही तुम्हाला कोपर मारत नाही. सगळं सरळ तोंडाने सांगतो. भाषा इतकी साधी आहे की आठवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलालाही, शेजारी कुणी बसलं तर, इंग्रजीतून जमते.

तुमचा मुलगा चौदाचा झाला की मग दुसरं पुस्तक: ‘द सीक्रेट डायरी ऑफ ॲड्रियन मोल’. पुढे शीर्षकातच त्याचं वय दिलंय, तेरा आणि तीन चतुर्थांश. मराठीत याला एका शब्दात पावणेचौदा म्हणतात, आणि त्या एका शब्दात त्या पोराची सगळी ऐट येते. पावणेचौदा वर्षांच्या माणसाला कुणी तेरा म्हटलेलं खपत नाही. पुस्तक १९८२ चं, लेखिका सू टाउनसेंड, इंग्लंडमधल्या लेस्टरची. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. पुढे वीसेक वर्षं ती कुणाला न सांगता लिहीत होती. एकदा तिच्या थोरल्या मुलाने कुरकुर केली की बाकीच्यांच्या घरचे लोक सफारी पार्कला जातात, आपणच का जात नाही? तो रडका, स्वतःची फार कीव करणारा सूर तिच्या कानात बसला आणि त्यातून ॲड्रियन आला.

हा ॲड्रियन टीव्हीवर एका विचारवंताचं बोलणं ऐकतो, ते त्याला जवळजवळ सगळं समजतं, आणि त्यावरून तो ठरवतो की आपण बुद्धिवंत असणार. पुढचं पाऊल म्हणून लायब्ररीचा सभासद व्हायचं ठरवतो. कविता करून बीबीसीला पाठवतो. हनुवटीवरच्या पुटकुळीचा हिशोब रोजच्या रोज ठेवतो. शेजारच्या लुकासचं आपल्या घरी येणं-जाणं वाढलंय, हे तो डायरीत इमानेइतबारे नोंदवतो. त्याचा अर्थ वाचणाऱ्याला कळतो, त्याला कळत नाही.

माझा लाडका भाग भिंतीचा. खोलीच्या वॉलपेपरवर नॉडी आहे, ते छोट्या मुलांचं टोपीवर घुंगरू असलेलं बाहुलं. बुद्धिवंताच्या खोलीत नॉडी कसा चालेल? म्हणून तो भिंती काळ्या रंगवतो. काळ्या रंगातून टोपीची घुंगरं दिसतच राहतात. पुन्हा हात मारतो, तरी दिसतात. शेवटी काळं स्केचपेन घेऊन एकेक घुंगरू बुजवत बसतो. ही घुंगरं अनेक दिवसांच्या नोंदींमधून वर येत राहतात. पहिल्या वेळी आपण नुसतं स्मित करतो, चौथ्या वेळी पुस्तक बाजूला ठेवावं लागतं. कादंबरीचा विनोद म्हणजे काय, हे मुलाला शब्दांत सांगून कळणार नाही. ही घुंगरं सांगतात. चुटक्यात हे होणं शक्य नाही, कारण चुटक्याला चौथी वेळ नसते.

मला हे पुस्तक अकरावीत मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं. मागचं कव्हर नव्हतं. तेव्हा मी ॲड्रियनवर भरपूर हसले. पस्तिशीत परत वाचलं तेव्हा त्याच्या आईवर हसू आलं आणि थोडं रडूही. म्हणून एक सावधगिरी: आईवडिलांचं फाटणं आणि वयात येणाऱ्या मुलाच्या शरीराबद्दलच्या उघड नोंदी त्यात आहेत. आधी तुम्ही स्वतः वाचा. माझ्या मते चौदाच्या मुलाने वाचायला काहीच हरकत नाही, पण घर तुमचं आहे.

मुलगा अजिबातच वाचत नसेल तर ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ने सुरुवात करा. जेफ किनी या अमेरिकन लेखकाची ही मालिका २००७ पासून पुस्तकरूपात येतेय. पानोपानी चित्रं, अक्षर हाताने काढल्यासारखं. मला स्वतःला चौथ्या भागानंतर कंटाळा आला. पण नायक ग्रेग पक्का आपमतलबी आहे आणि स्वतःला बिचारा समजतो, म्हणजे सूत्र तेच. वाचनाचं इंजिन चालू करायला याच्याइतका चांगला धक्का नाही.

आता मराठी. इथे खरं बोलायचं तर आपल्याकडे विनोदी कथा उदंड आणि कुमारांसाठीची निखळ विनोदी कादंबरी तुटपुंजी. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मी आनंदाने देते, पण गोट्यात माया जास्त आणि फुरसुंगीच्या फाफेत धाडस जास्त, विनोद तोंडी लावण्यापुरता. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ खरंच गमतीचा आहे, फक्त तो वयाने लहान आहे. आठवीतला मुलगा ‘हे बारक्यांचं आहे’ म्हणून हात लावणार नाही. त्याला धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी आणा आणि घरात पडू द्या. मोठा चोरून वाचतो. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ नववीतल्या पोराच्या तोंडून सांगितलेली, आणीबाणीच्या काळातली. लोक ती प्रेमकथा म्हणून वाचतात. मी तिच्यातल्या पोरांच्या टवाळ्यांसाठी वाचते. ती मात्र नववी-दहावीतच द्या, शेवट जड आहे.

आणि चिमणराव? चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच्या मराठीत असा निवेदक उभा केला जो स्वतःची फजिती स्वतःच, अत्यंत सभ्यपणे, अभिमानानेही सांगतो आणि त्याला पत्ताच नसतो. ॲड्रियनचा हा आपला थोरला चुलता. मुलाला आज तो न कळण्याचं कारण विनोद नाही, सामान आहे: उपरणं, टांगा, आणे-पै. हे अडथळे डोळ्यांना लागतात, कानाला लागत नाहीत. म्हणून मोठ्याने वाचून दाखवा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाने गावोगावचे मांडव भरवले ते याच जोरावर. मराठी विनोद मुळात कानाचा आहे. माझी पद्धत अशी: जेवणं झाल्यावर दहा मिनिटं, एकच प्रसंग, चेहरा एकदम बँकेतल्यासारखा. स्वतः हसायचं नाही. कुणी हसलं नाही तर ‘कळलं का?’ विचारायचं नाही, समजावून तर मुळीच सांगायचं नाही. आणि रंगात आलं की नेमकं तिथे थांबून पुस्तक फ्रिजवर ठेवायचं. फ्रिजवरचं पुस्तक सकाळी दुसरीकडे सापडतं, हा माझा अनुभव आहे.

दोन सुट्ट्या गेल्या अशा. नंतर भाचरं काय वाचतात, याची मी चौकशी केली नाही. मागच्या महिन्यात बहिणीने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याला उद्देशून लांबलचक मेसेज टाकला: सहामाहीचे मार्क, ट्यूशनची फी, मोबाइलचे तास, आणि उद्यापासून काय काय बदलणार याची यादी. अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं. “हे दुसऱ्याच कुणाचं तरी पत्र चुकून आमच्याकडे आलेलं दिसतं. परत पाठवत आहोत. आमचं सामान ताबडतोब पाठवा.” बहिणीने मला फोन करून विचारलं, हा कसलं सामान मागतोय?