वाचकांचे प्रश्न : याना नोवोत्ना, हरलेला सामना आणि बाकीची कारकीर्द

प्रश्न : विम्बल्डनच्या जुन्या चित्रफिती पाहताना चेक टेनिसपटू याना नोवोत्नाचे १९९३ च्या अंतिम सामन्यानंतरचे रडणे पुन्हा पुन्हा दाखवले जाते. हातात आलेला सामना घालवणारी खेळाडू अशी तिची ओळख झाली, ती न्याय्य आहे का?

उत्तर : अर्धवट न्याय्य आहे, आणि म्हणूनच ती पुसून टाकणे अवघड जाते. त्या अंतिम सामन्यात पहिला सेट टायब्रेकवर (६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) गमावल्यानंतर नोवोत्नाने स्टेफी ग्राफला दुसऱ्या सेटमध्ये ६-१ असे निष्प्रभ केले होते आणि निर्णायक सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती. स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० असताना एक गुण मिळाला असता तर धावफलक ५-१ झाला असता. तेथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, तो गेम गेला आणि त्यापुढे एकही गेम तिला मिळाला नाही. ग्राफने सलग पाच गेम घेऊन ७-६, १-६, ६-४ अशा फरकाने विजेतेपद राखले. पारितोषिक वितरणाच्या वेळी ब्रिटिश राजघराण्यातील डचेस ऑफ केंट यांनी दोन धीराचे शब्द उच्चारताच नोवोत्नाचा बांध फुटला आणि तिने त्यांच्याच खांद्यावर डोके टेकले.

तो एक गुण जरा बारकाईने पाहावा. ४०-३० असताना सर्व्हिस डाव्या बाजूने करावी लागते आणि तेथून उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा बॅकहँड बाहेरच्या कोपऱ्याकडे असतो. ग्राफचा फोरहँड त्या काळातील सर्वांत धोकादायक फटका होता आणि सर्व्हिस थोडी जरी आखूड किंवा संथ पडली तरी ती पावले टाकून बॅकहँडच्या बाजूचा चेंडूही फोरहँडवर घेत असे. बेसलाइनवर थांबणाऱ्या खेळाडूला दुसरी सर्व्हिस सावधपणे टाकून पुढची रॅली खेळता येते, परंतु सर्व्हिसमागून नेटकडे धावणाऱ्या खेळाडूला ती सोय नसते, कारण सोप्या सर्व्हिसवर आलेला परतीचा फटका तिला अर्ध्या वाटेतच गाठतो. त्यामुळे नोवोत्नाला दुसऱ्या सर्व्हिसवरही धोका पत्करावा लागत असे, आणि हात आखडला की ती चूक लपवायला जागा उरत नसे. माझ्या मते तिच्या पराभवांकडे केवळ मनाचा दुबळेपणा म्हणून पाहणाऱ्यांनी खेळाच्या या पद्धतीचा हिशेब कधी मांडलाच नाही.

तरीही दडपणाचा भाग नव्हता असे म्हणणे म्हणजे तिची वकिली करण्यासारखे होईल. १९९५ च्या फ्रेंच स्पर्धेत चांदा रुबिनविरुद्ध ती तिसऱ्या सेटमध्ये ५-० आणि ४०-० अशी पुढे होती. नऊ मॅच पॉइंट (एक गुण घेतला की सामना जिंकण्याची संधी) मिळूनही तिने तो सेट ८-६ असा गमावला. याचे स्पष्टीकरण खेळाच्या शैलीतून देता येत नाही. मात्र त्याच पारड्यात १९९१ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धाही टाकली पाहिजे, कारण तेथे उपांत्यपूर्व फेरीत पहिला सेट गेल्यानंतरही तिने ग्राफला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असे हरवले आणि अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. त्या अंतिम सामन्यातही मोनिका सेलेसविरुद्ध पहिला सेट तिनेच जिंकला होता. दडपणाखाली कोसळलेले सामने लक्षात राहतात आणि दडपणाखाली जिंकलेले विसरले जातात, हे तिच्या वाट्याला जरा जास्तच आले.

प्रश्न : एकेरीत एकच ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलेल्या खेळाडूला इतके मोठे का मानावे?

उत्तर : कारण एकेरी हा तिच्या कारकिर्दीचा एक भाग होता. तिने एकेरीची २४ आणि दुहेरीची ७६, म्हणजे एकूण १०० विजेतेपदे मिळवली. महिला दुहेरीत १२ आणि मिश्र दुहेरीत ४ ग्रँड स्लॅम तिच्या नावावर आहेत, आणि मिश्र दुहेरीची चारही तिने जिम प्यूच्या साथीने १९८८ आणि १९८९ या दोन वर्षांत जिंकली. १९९० मध्ये हेलेना सुकोवाबरोबर तिने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन या तिन्ही स्पर्धा घेतल्या. याच जोडीने सोल आणि अटलांटा या दोन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवली, तर अटलांटात एकेरीचे कांस्यही नोवोत्नाला मिळाले. साथीदार बदलत गेले, सुकोवानंतर जिजी फर्नांडिस, अरांचा सांचेझ व्हिकारियो, लिंडसे डॅव्हनपोर्ट आणि मार्टिना हिंगिस आल्या, आणि या प्रत्येकीबरोबर तिने किमान एक तरी ग्रँड स्लॅम जिंकले. साथीदाराच्या खेळाशी इतक्या वेळा जुळवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. दुहेरीला दुय्यम मानण्याची आपली सवय सुटत नाही, तोपर्यंत अशा खेळाडूंचे मोजमाप चुकतच राहणार.

एकेरीतही १९९७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आघाडीच्या खेळाडूंमध्ये होणारी डब्ल्यूटीए अजिंक्यपद स्पर्धा तिने जिंकली. २००५ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

प्रश्न : १९९८ मध्ये तिने अखेर विम्बल्डनची एकेरी जिंकली, तेव्हा नेमके काय बदलले?

उत्तर : खेळ फारसा बदलला नव्हता. तीच चिप करून, म्हणजे चेंडू हलकेच कापून परतवत, पुढे सरकण्याची पद्धत, तोच खाली राहणारा बॅकहँड स्लाइस आणि नेटजवळचे तेच मऊ मनगट. शिवाय स्वतः ग्रँड स्लॅम जिंकलेली हाना मांडलिकोवा प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे पाठीशी होतीच. १९९७ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकूनही ती हिंगिसकडून हरली होती. पुढच्या वर्षी तिने उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्सला आणि उपांत्य फेरीत हिंगिसलाच सरळ सेटमध्ये बाजूला केले. अंतिम सामन्यात समोर नताली तोझिया होती, जी स्वतःही गवतावर नेटकडे धावणारी खेळाडू होती. नोवोत्नाने ६-४, ७-६ असा विजय मिळवला, आणि ज्या टायब्रेकमध्ये जुनी भीती डोके वर काढील असे अनेकांना वाटत होते, तो तिने ७-२ असा सहज घेतला. चषक देण्यासाठी याही वेळी डचेस ऑफ केंटच उभ्या होत्या. त्याच स्पर्धेत हिंगिसला साथीला घेऊन तिने दुहेरीही जिंकली, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न : निवृत्तीनंतर ती टेनिसपासून दूर गेली का?

उत्तर : नाही. १९९९ मध्ये तिने व्यावसायिक खेळ थांबवला. २०१४ च्या सुमारास ज्युनियर गटातून बाहेर पडलेली बार्बोरा क्रेचिकोवा ही तिच्याच बर्नो शहरातील मुलगी आईसह नोवोत्नाच्या दारात मार्गदर्शन मागायला गेली आणि तेथून दोघींचे गुरू-शिष्येचे नाते सुरू झाले. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, नोवोत्नाचे कर्करोगाने निधन झाले. क्रेचिकोवाने २०२१ मध्ये फ्रेंच आणि २०२४ मध्ये विम्बल्डन स्पर्धेची एकेरी जिंकली, आणि दोन्ही विजयांनंतर तिने नोवोत्नाची आठवण काढली. गुरूला जी फ्रेंच एकेरी कधी मिळाली नाही ती शिष्येने आधी मिळवली, हेही नोंदवून ठेवावे.

प्रश्न : खुल्या युगात (व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्यापासूनच्या, म्हणजे १९६८ नंतरच्या काळात) सर्वांत मोठ्या वयात पहिले एकेरी ग्रँड स्लॅम जिंकण्याचा विक्रम अजून तिचाच आहे का?

उत्तर : नाही. १९९८ मध्ये २९ वर्षे ९ महिन्यांच्या वयात तो तिच्या नावावर झाला होता. २०१० मध्ये फ्रान्चेस्का स्कियावोनेने पॅरिसमध्ये तो मोडला आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कला फ्लाविया पेन्नेत्ताने, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो आणखी पुढे नेला.