८० हजारांत प्रोग्रॅमिंग आणि फोटो एडिटिंग: प्रोसेसर नंतर, आधी स्क्रीन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, जावा आणि अँड्रॉइड स्टुडिओ रोजचं. शिवाय शनिवार-रविवार २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटो काढते आणि लाइटरूम-फोटोशॉपमध्ये एडिट करते. बजेट ८० हजार. दुकानदाराने १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप पुढे केलाय: एच सिरीजचा आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. घ्यावा का?

प्रोसेसर पुरेसा आहे, कार्डही चालेल. पण स्क्रीनबद्दल त्याने "१४४ हर्ट्झ" (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) एवढंच सांगितलंय आणि गोम तिथेच असते. रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येतात (सगळ्यांत नाही, त्यावर खाली येतो). स्क्रीन मात्र आली ती आली.

स्पेसिफिकेशनमध्ये "४५% एनटीएससी" (स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एक माप) लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप तिथेच सोडा. वेबवर आणि बहुतेक फोटो लॅबमध्ये एसआरजीबी हा ठरलेला रंगांचा पट्टा चालतो आणि तो एनटीएससीच्या मापात साधारण ७२% भरतो. म्हणजे ४५वाल्या स्क्रीनवर एसआरजीबीचेही ६०-६५ टक्केच रंग उमटतात. प्रत्यक्षात काय होतं बघा. नवरीच्या शालूचा लाल विटकरी दिसतो, हळदीचा पिवळा फिका. एडिट करणारा साहजिकच सॅच्युरेशन वाढवतो, लॅपटॉपवर फोटो छान दिसायला लागतो. तोच फोटो नवरीच्या ॲमोलेड फोनवर गेला की चेहरे नारिंगी आणि शालूच्या घड्यांचा सगळा एकच लाल गोळा. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारं यंत्र) लावूनही हे सुटत नाही. तो पांढऱ्याचा तोल आणि ब्राइटनेस जागेवर आणतो, पॅनलमध्ये नसलेले रंग आणणार कुठून?

मागायचं ते असं: आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा), १००% एसआरजीबी, किमान ३०० निट्स ब्राइटनेस. १६:९ ऐवजी १६:१० आकाराचा (थोडा उंच) मिळाला तर कोडच्या चार ओळी जास्त दिसतात आणि लाइटरूमची फिल्मस्ट्रिप अंगावर येत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळे पॅनल विकले जातात, त्यामुळे यूट्यूबवरच्या रिव्ह्यूवर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल कोड घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच कोडपुढे काय लिहिलंय ते वाचा. कलर गॅमट (रंगांचा पट्टा) लिहिलेलाच नसेल तर ४५% आहे असं धरून चला. चांगला असता तर जाहिरातीत आला असता.

ओलेड पॅनल (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) हवा का, हाही प्रश्न येईल. रंग उत्तम, काळा खरा काळा. पण कमी ब्राइटनेसवर बरेच ओलेड पॅनल लुकलुकतात आणि रात्री चार-पाच तास कोड बघणाऱ्या काहींचं त्याने डोकं दुखतं. शिवाय टास्कबार आणि एडिटरची चौकट रोज त्याच जागी राहते, त्यामुळे काही वर्षांनी तिचा ठसा उरण्याचा धोका असतो. घेतलाच तर डार्क थीम ठेवा, टास्कबार लपवा आणि वेबसाठीचं काम कंपनीने दिलेल्या एसआरजीबी मोडमध्ये करा.

आता रॅम. दोन्ही कामं वेगवेगळी केली तर १६ जीबीत बसतात, एकत्र उघडली की भांडतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके, प्रत्येकाला तीन रंग, १६ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २ बाइट. फोटोशॉपचा एक पूर्ण थर १४४ एमबीचा झाला. रिटचिंगचे आठ-दहा थर आणि हिस्टरी धरली की एकच फोटो दोन-तीन जीबी सहज खातो. त्यात फोटोशॉप मोकळ्या रॅमचा ७०% हिस्सा मूळ सेटिंगमध्येच स्वतःसाठी धरतं. दुसरीकडे अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल (ॲप बांधणारं टूल) आणि एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) मिळून सहा-आठ जीबी घेतात. पुढे डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) आला की तो ज्यावर चालतो ते विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून आज १६ घ्या, पण ३२ करता येईल असाच घ्या.

इथे दुकानात हमखास फसगत होते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. एलपीडीडीआर असा शब्द दिसला की बहुतेक वेळा तोच प्रकार, मग पहिल्या दिवसापासूनच ३२ घ्यावी लागते. दुसरा प्रकार ८ जीबी सोल्डर आणि ८ जीबी स्लॉटमध्ये. तिसरा दोन स्लॉटचा, आपल्याला हवा तो. पण त्यातही १६ची एकच पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग पडतो. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, "स्लॉट्स यूज्ड" पुढचा आकडा वाचा. एक पट्टी असली तरी तुमच्यासाठी वाईट नाही: नंतर तेवढीच दुसरी टाकली की ३२ झाले. ८-८च्या दोन असतील तर त्या काढून नव्या दोन घ्याव्या लागतात.

रॅम घरी टाकणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. हार्डवेअर बदलल्यावर क्वचित ती मागितली जाते आणि नसली तर डेटा गेला. चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सोडवा. पट्टी तिरपी आत सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चापा टक करून बसल्या पाहिजेत. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ काळी राहते. ते मेमरी ट्रेनिंग असतं, मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका.

कार्डाबद्दल. प्रोग्रॅमिंगला ते लागत नाही. लाइटरूममध्ये साधं एडिटिंगही त्याच्याशिवाय होतं. फरक पडतो एआय डीनॉइजला (फोटोतले दाणे काढणारं फीचर), आणि लग्नाचं काम म्हणजे अंधारे हॉल आणि आयएसओ ६४००, तेव्हा तो वापरला जाणारच. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर एका फोटोला काही मिनिटं लागतात, बऱ्या कार्डावर ते काम सेकंदांवर येतं. ३०५० घेणार असाल तर ४ जीबीचं नको, ६ जीबीचं बघा. वॅटही विचारा, एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ५० वॅटवर चालतं, दुसऱ्यात ९५वर. किंमत मोजायची ती वजनात: सव्वादोन किलोच्या पुढे, वर चार्जरची वीट. रोज लोकल किंवा बसने कॉलेजला नेणार असेल तर लॅपटॉप तिच्याच खांद्यावर येणार आहे, तिला विचारा.

प्रोसेसरवर डोकं फार लावू नका. इंटेलमध्ये शेवटी एच असलेला आय फाइव्ह, यू असलेल्या आय सेव्हनपेक्षा ॲप बिल्ड आणि फोटो एक्सपोर्टला बहुधा पुढे जातो. रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक बघा: ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २ रचना, ७८४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ दोघांनाही आहे, फसवतो तोच.

एसएसडी ५१२ चालेल, दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीची जागा) रिकामा असेल तर. १५०० रॉ फोटो, प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे एका लग्नाचे ४५ जीबी. कॅटलॉग आतल्या एसएसडीवर ठेवायचा, जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

मॅकबुक एअर १६ जीबीचा या बजेटच्या आसपास सेलमध्ये दिसेल. स्क्रीन आणि बॅटरी या भावात त्याच्या तोडीची क्वचितच. पण रॅम-एसएसडी कधीच वाढणार नाही, २५६ जीबी दोन-तीन लग्नांत भरेल, आणि कॉलेजच्या लॅबमधलं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं निघतं. आधी सीनियर मुलांना विचारून घ्या. आयफोनची ॲप्स करायची असतील तर मात्र दुसरा पर्याय नाही, ती बनवायचं एक्सकोड मॅकवरच चालतं.

तेव्हा दुकानदाराला हाच लॅपटॉप १००% एसआरजीबी पॅनलच्या कोडमध्ये मागा. नाही मिळाला तर कार्ड सोडा आणि चांगल्या स्क्रीनचा, दोन स्लॉटचा, दीड-पावणेदोन किलोचा घ्या. डीनॉइज रात्री लावून झोपता येतं. तिला कार्डच हवं असेल तर दुकानदाराचाच घेऊन घरी ९९% एसआरजीबीचा २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडा, रंगाचं काम फक्त त्यावर. दहा-बारा हजार वाढतील. आणि एसडी कार्डाचा स्लॉट आहे का तेही बघा, हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये नसतो. नसेल तर यूएसबी ३चा रीडर घ्या. यूएसबी २च्या रीडरने ४५ जीबी उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.