लेख सपक वाटतोय. दुसऱ्या खर्ड्यात भारी शब्द घालू का?

तुम्ही लिहिलंय की लेख पूर्ण झालाय, शुद्धलेखनही तपासलंय, तरी वाचताना सपक वाटतो. मग भारी शब्द घालावेत का? नका घालू. ‘सुंदर’च्या जागी ‘नयनरम्य’ आलं म्हणून वाचकाला जास्त काही दिसत नाही.

मी मालवणचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. रापणीवरच्या माझ्या लेखाचं पहिलं वाक्य होतं : ‘कोळी लोक मोठ्या मेहनतीने जाळं ओढत होते.’ यातला ‘कोळी’ तर चुकलेलाच, कारण आमच्याकडचे बहुतेक मासेमार गाबीत समाजाचे. आणि उरलेलं वाक्य पुण्यात बसूनही लिहिता आलं असतं. म्हणून पहाटे पुन्हा किनाऱ्यावर गेलो आणि जाळं वर येईपर्यंत उभा राहिलो. होडीने अर्धगोलात जाळं टाकलं होतं, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर आले होते. घरी येऊन लिहिलं : ‘मागे मागे सरकत वर पोचलेला म्हातारा दोर सोडतो, पाण्यापर्यंत खाली जातो आणि पुन्हा दोर धरतो.’ आता ‘मेहनत’ म्हणायची गरजच उरली नाही. त्याच्या फेऱ्या वाचकाला दिसतात.

क्रियापदांकडेही असंच बघा. ‘पाऊस पडत होता’ यातून फार काही कळत नाही. ‘पागोळ्या गळत होत्या’ म्हटलं की सांगणारा पडवीत बसलाय हेसुद्धा कळतं. एका शब्दाने माणूस जागेवर बसवला!

गावाकडचे शब्द बिनधास्त वापरा, फक्त अर्थ वाक्यातूनच लागला पाहिजे. ‘सुकती लागली तसे खडक उघडे पडत गेले’ हे नागपूरच्या वाचकालाही समजतं. कंस टाकून ‘ओहोटी’ लिहिलंत की वाचणारा अडखळतो.

मला सगळ्यात जड गेलं ते काढून टाकणं. तारली, बांगडा, पेडवे, मोरी अशी सात माशांची नावं मी हौसेने ओळीने लिहिली होती. प्रत्येक नाव खरं, माझ्या ओळखीचं. पण त्या दिवशी जाळ्यात आले ते बहुतेक पेडवेच, आणि तेही थोडे, त्यामुळे वाट्याला येऊन येऊन प्रत्येकाच्या किती येणार? त्या सकाळचं सगळं त्या एका नावात होतं. बाकीची सहा मी खोडली.