फळीला हलू द्या, टर्नटेबलला नको

वडिलांच्या काळातले टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, माळ्यावरून खाली येते, पट्टा आणि सुई बदलली की वाजायला लागते, आणि मग प्रश्न पडतो की हे ठेवायचे कशावर. टीव्हीच्या टेबलावर ते मावत नाही, शोकेसमध्ये झाकण उघडत नाही. म्हणून अनेकांनी स्वतः स्टँड करायला घेतला आहे किंवा सुताराला सांगितला आहे. त्यांच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे दीडशे एलपी, एक टर्नटेबल आणि एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. सुतार म्हणतो, खाली चार फुटांचा सलग कप्पा करू, दिसायला छान. मापे काय घ्यावीत? (चिंचवड)

सलग कप्पा करू नका. रेकॉर्ड्स किती जड असतात याचा अंदाज सुताराला नसतो, कारण त्याने आयुष्यभर कपड्यांची कपाटे केलेली असतात. एक एलपी कव्हरासकट साधारण पाव किलो भरते. शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलो, आणि त्या जागा घेतात जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर. तुमचा संग्रह वाढत जाऊन चार फूट भरले, तर त्या एका फळीवर पाऊणशे-ऐंशी किलो वजन कायमचे बसणार. सहा सुती, म्हणजे सुमारे १८ मिमी जाडीची प्लाय आज सरळ दिसेल, पण वर्षभरात पोट काढेल. रेकॉर्ड्स मग मधल्या खोलगटाकडे कलतात आणि हळूहळू वाकतात.

मध्ये एक उभी फळी टाकली की चित्र पालटते. तितक्याच दाटीने रेकॉर्ड्स लावल्या आणि दोन आधारांमधले अंतर निम्मे केले, तर फळीचे झुकणे निम्मे होत नाही, सोळाव्या हिश्शावर येते. जाड प्लायवर पैसे घालण्यापेक्षा ही एक उभी फळी जास्त काम करते.

आता मापे. अ‍ॅम्प्लिफायर बहुधा ४३-४४ सेंमी रुंद असतो, टर्नटेबल ४२ ते ४६. म्हणून प्रत्येक कप्पा आतून ५० सेंमी ठेवा. असे दोन कप्पे आणि १८ मिमीच्या तीन उभ्या फळ्या मिळून बाहेरून रुंदी १०५.४ सेंमी होते. एलपीचे कव्हर साडेएकतीस सेंमीचे असते, पण कप्प्याची उंची ३५ ठेवा, कारण रेकॉर्ड काढताना वरून बोटे घालून ती पुढे कलवावी लागते. त्यावरचा, अ‍ॅम्प्लिफायरचा कप्पा २५ सेंमीचा. खाली १० सेंमीचे पाय द्या, म्हणजे झाडू जाईल आणि फरशी पुसताना पाणी प्लायला लागणार नाही. एवढे केले की वरची फळी जमिनीपासून सुमारे ७५ सेंमीवर येते. उभ्याने, फार न वाकता सुई ठेवता येते. झाकण उघडल्यावर वर ४५ सेंमी जागा मोकळी आहे ना, आणि झाकण मागे भिंतीला टेकत नाही ना, हे मात्र तुमच्या टर्नटेबलवर मोजून बघा.

खोली ४० सेंमी घ्यायला सांगतो, त्यामागे प्लायच्या शीटचा हिशेब आहे. आठ बाय चार फुटांच्या शीटची रुंदी १२२ सेंमी. तिच्या लांबीत ४० सेंमीच्या तीन पट्ट्या करवतीचा छेद धरूनही नेमक्या निघतात. पहिल्या पट्टीत वरची आणि तळाची फळी, दुसरीत ६१.८ सेंमीच्या तीन उभ्या फळ्या आणि एक मधली आडवी फळी, तिसरीत दुसऱ्या कप्प्याची मधली आडवी फळी. उरलेली जवळजवळ सहा फुटांची पट्टी फेकू नका. तिच्यातून आठ-आठ सेंमीच्या आडव्या पट्ट्या काढून मागच्या बाजूला वर आणि खाली बसवा. पाठ उघडी असलेली पेटी बाजूने ढकलली की काडेपेटीच्या टरफलासारखी तिरपी होते. या पट्ट्या तिला गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरून ठेवतात आणि मधून हवाही खेळती राहते. प्लायच्या कडेत स्क्रू मारण्यापूर्वी बारीक ड्रिलने भोक पाडायलाच लावा, नाहीतर थर फाकतात.

प्रश्न : गावचे जुने घर उतरवले तेव्हाच्या सागवानी दाराच्या फळ्या ठेवल्या आहेत. त्यांचा स्टँड करावा असे मनात आहे. प्लायपेक्षा आवाज चांगला येईल का? (सांगली)

आवाजासाठी करणार असाल तर तो विचार सोडा. पेटी घट्ट, जड आणि सरळ असली की प्लायवर ठेवलेले टर्नटेबलही तसेच वाजते. पण त्या दारातून तुमच्या घरातली माणसे येत-जात होती. तेवढे कारण पुरे आहे. ते लाकूड जरूर वापरा, फक्त सगळा स्टँड त्याचा करू नका. खालची पेटी प्लायची करा आणि वरची फळी व दर्शनी पट्ट्या सागवानाच्या.

कारण सांगतो. भरीव लाकूड ऋतूप्रमाणे हलते. लांबीत नाही म्हटले तरी चालेल, पण रुंदीत, म्हणजे रेषांना आडवे, ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत, तरी ४० सेंमी रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. माझ्या पहिल्या स्टँडची वरची फळी मी श्रावणात बसवली होती, चारही कडांना सरस लावून आणि स्क्रू पक्के पिळून. चैत्रात एका दुपारी खोलीत ‘टक्’ असा सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. मागच्या कडेलगत हातभर लांब चीर, पोस्टकार्ड आत जाईल एवढी. आकसायला जागा मिळाली नाही म्हणून फळीने ती स्वतः करून घेतली होती. ती चीर अजून तशीच आहे.

म्हणून फळीला सरस लावू नका. पुढच्या कडेचे स्क्रू पक्के करा, आणि मधल्या व मागच्या स्क्रूंसाठी पेटीच्या बाजूने लांबट भोके पाडा, रेषांना आडव्या दिशेने, वॉशर घालून. फळी मागे-पुढे सरकेल, तुम्हाला कळणारही नाही. पहिल्या उत्तरातल्या मापांप्रमाणे पेटी केली तर तिची वरची प्लाय फळी तशीच राहू दे आणि सागवान तिच्यावर बसवा. उंची पाऊण इंचाने वाढेल, हरकत नाही.

रंधा मारण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या दारात मोडके खिळे आत दडलेले असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे पाते लवकर बोथट होते ते वेगळेच. दोन फळ्या जोडून रुंदी करायची असेल तर कडा रंधल्या त्याच दिवशी सरस लावा. सागवानाचे तेल पृष्ठभागावर येत राहते आणि शिळ्या कडेवर सरस नीट धरत नाही. त्याआधी थिनरच्या फडक्याने कड पुसून घ्या. भुशापासून नाक-तोंड मात्र झाका. सागवानाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते.

प्रश्न : आम्ही वाड्यात वरच्या मजल्यावर राहतो, जमीन लाकडी आहे. कुणी चालले की सुई उडी मारते. स्टँडला टोकदार स्पाइक बसवले, तर उडी वाढलीच. काय चुकले? (पुणे, शनिवार पेठ)

स्पाइक धक्का थांबवत नाहीत, ते स्टँडला जमिनीशी घट्ट जोडतात. काँक्रीटच्या स्लॅबवर ठीक, कारण तिथे जमीनच हलत नाही. तुमच्याकडे माणूस चालला की तुळई लवते, तिच्यावरची तक्तपोशी लवते आणि आता स्पाइकमुळे स्टँडही तिच्याबरोबर प्रामाणिकपणे डोलतो. स्पाइक काढून टाका.

पहिला उपाय फुकटचा आहे. तुळईची टोके ज्या भिंतीत शिरलेली आहेत त्या भिंतीलगत स्टँड न्या. तुळई मध्यभागी सर्वांत जास्त लवते, भिंतीपाशी सर्वांत कमी. खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघितले की तुळयांची दिशा कळते. एवढ्याने भागले नाही तर टर्नटेबल जमिनीवरून उचला आणि त्याच भिंतीवर लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट व सागवानाची किंवा प्लायची फळी अशी सोय करा. मातीच्या भिंतीत साधे प्लग धरत नाहीत. विटांचा किंवा दगडाचा भाग शोधा, नाहीतर भिंतीतल्या लाकडी खांबाला ब्रॅकेट बसवा. अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड्स खाली स्टँडवरच राहू देत. त्यांना धक्क्याने काही होत नाही.

ज्यांची जमीन काँक्रीटची आहे त्यांनाही एक चाचणी सांगतो. टर्नटेबल बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज अगदी कमीपासून हळूहळू वाढवा आणि स्टँडच्या फळीवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून बारीक टक ऐकू आली तर ठीक. ढोलासारखा घुमला तर फळी पोकळ आहे किंवा कुठलातरी सांधा ढिला आहे. आणि स्पीकर त्याच स्टँडवर असतील तर आधी ते उतरवा. त्यांचा खर्ज फळीतून सुईत जातो, तिथून परत स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की हूं हूं सुरू होते.

टर्नटेबल ठेवल्यावर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) त्याच्या फिरत्या थाळीवर ठेवा, स्टँडवर नव्हे. एकदा आडवी, एकदा उभी.

प्रश्न : धूळ खूप येते म्हणून स्टँडला काचेची दारे आणि पाठ लावली. आता अ‍ॅम्प्लिफायर हात लावता येणार नाही इतका तापतो. (डोंबिवली)

पाठ आजच काढा. उष्णतेने सर्वांत आधी आतले कपॅसिटर सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असे इलेक्ट्रॉनिक्सवाले धरून चालतात. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान १० सेंमी मोकळी जागा हवी आणि त्याच्या जाळीवर सीडी प्लेअर किंवा दुसरे काहीही नको. दार लावायचेच तर ते रेकॉर्ड्सच्या कप्प्याला लावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो कप्प्यात घालूच नका, वरच ठेवा. मागे हात घातलाच आहे तर विजेची वायर एका बाजूने आणि टर्नटेबलची वायर दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र बांधल्या की घरघर येते.

प्रश्न : जुलैत स्टँडला लाख पॉलिश केले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे दुधासारखी पांढरी झाक आली. सगळे खरवडावे लागेल का? दुसरे कुठले पॉलिश बरे? (रत्नागिरी)

खरवडू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला दमटपणा ओल्या पॉलिशवर बसतो आणि लाखेत अडकतो. तीच ती पांढरी झाक. सप्टेंबर-ऑक्टोबरात एखादा कडक उन्हाचा दिवस बघा. मलमलीच्या फडक्यात कापूस बांधून बोळा करा, त्याला स्पिरिट लावून हातावर दाबा. हात ओला न होता फक्त गार लागला पाहिजे. मग रेषांच्या दिशेने, न थांबता, हलका हात फिरवा. लाख वरच्यावर विरघळून पुन्हा बसते आणि झाक जाते. बोळा एका जागी थांबला तर तिथे खड्डा पडेल, म्हणून फळीबाहेरून येत फळीबाहेर जायचे.

सागवानावर मला लाख पॉलिशच आवडते आणि हात बसवायची तयारी असेल त्याला मी तेच सांगतो. आधी १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. मग पातळ लाखेचे पाच-सहा हात, दर दोन हातांनंतर ३२० चा पेपर अगदी अलगद, शेवटी मेण. लाखेचे वैगुण्य एवढेच की गरम कप आणि मद्य तिला सोसत नाही. घरात चहाचे कप टर्नटेबलजवळ येत असतील तर वरच्या फळीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा. व्हिनियर लावलेल्या प्लायवर पेपर फार घासू नका. वरचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, पलीकडचे लाकूड दिसायला वेळ लागत नाही.

ज्यांना चकाकी नको त्यांनी जवसाचे उकळलेले तेल वापरावे. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले तेल पूर्ण पुसा, दोन दिवस थांबा, पुन्हा द्या. यात एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडके दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पॉलिश कुठलेही करा, फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. लोक दिसते तेवढेच करतात. मग खालून दमट हवा शिरते, वरून शिरत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात फळी वाकते. कोकणात तर यात अजिबात सवलत घेऊ नका.

तुमच्या संग्रहात ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगतो. त्या तबकड्यांतही हीच लाख आहे. पॉलिशचा बोळा त्यांच्याजवळ नेऊ नका आणि स्पिरिटने त्या कधीही पुसू नका.

प्रश्न : स्टँड करून सहा महिने झाले. रेकॉर्ड्सच्या कप्प्याखाली पिठासारखा पांढरा भुसा पडतो. वाळवी आहे का? (कोल्हापूर)

वाळवी असती तर मातीची नळी दिसली असती. हा भुंग्याचा प्रकार आहे. तो लाकडाच्या पांढऱ्या, कच्च्या भागात राहतो, पक्क्या गाभ्यात सहसा जात नाही. सुताराने कुठेतरी पांढऱ्या कडेची पट्टी वापरली असणार. आधी रेकॉर्ड्स दुसऱ्या खोलीत हलवा, औषधाचा वास आणि डाग कव्हरांवर नकोत. टाचणीच्या टोकाएवढी भोके शोधा. ती एकाच पट्टीत असतील तर पट्टीच बदला, ते सर्वांत खात्रीचे. जास्त पसरलेली असतील तर बोररचे, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यावरचे, औषध सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा आणि भोक मेणाने बुजवा. मग सगळा भुसा पुसून स्टँडखाली काळा कागद पसरा. आठवडाभर रोज सकाळी कागद बघा. ताजा भुसा पडला तर औषध पुन्हा द्या. कागद कोरा राहिला तरी एक अख्खा पावसाळा जाऊ द्या आणि मगच रेकॉर्ड्स परत ठेवा.