पॉवर मीटरवर मोबाईलची पॉवर ३३ डीबीएमऐवजी २३.५ का दिसते?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुण्यात ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्टसाठी जुन्या कीपॅडच्या जीएसएम (टूजी) फोनची ट्रान्समिट पॉवर मोजताय. बोर्डवरच्या टेस्ट कनेक्टरला २० डीबीचा डायरेक्शनल कपलर (पॉवरचा शंभरावा हिस्सा मोजायला बाजूला काढून देणारा भाग), पुढे अँटेना, आणि कपलरच्या तिसऱ्या तोंडाला कॉलेजचा पॉवर मीटर. पुस्तक म्हणतं ३३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली पॉवर). मीटरच्या आकड्यात कपलरचे २० मिळवूनही कॉल लागताना जेमतेम २३.५ येतात, आणि थोड्याच वेळात आकडा १२ वर उतरतो. फोन बाद आहे की मीटर?

दोन्ही ठणठणीत आहेत. भोसरी एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी बारा वर्षं हेच काम केलं, आणि हा २३.५ मला चेहऱ्याने ओळखता येतो. नव्याने आलेला प्रत्येक मुलगा किंवा मुलगी पहिल्या आठवड्यात हाच आकडा घेऊन माझ्या टेबलापाशी यायची.

जीएसएम फोन सलग पॉवर सोडत नाही. ४.६१५ मिलिसेकंदांची एक फ्रेम असते, तिचे आठ खण पाडलेले असतात. फोन आपल्या वाट्याच्या एका खणात, म्हणजे ५७७ मायक्रोसेकंद, प्रक्षेपण करतो आणि उरलेले सात खण गप्प बसतो. सेकंदाला असं साधारण २१७ वेळा. जुन्या स्पीकरशेजारी फोन ठेवला की कॉल यायच्या आधी जी घरघर ऐकू येते, ती या २१७ हर्ट्झचीच. पुस्तकातले ३३ डीबीएम, म्हणजे २ वॉट, फक्त त्या एका खणापुरते असतात. तुमच्या कॉलेजचा मीटर, वर्णनावरून, थर्मल सेन्सरचा आहे. तो आलेल्या उष्णतेवरून पॉवर सांगतो. खण कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तो सरासरी देतो. आठवा हिस्सा म्हणजे ९.०३ डीबी कमी, उरले २३.९७. त्यातही बोलण्याच्या चॅनेलवर दर २६ फ्रेममधली एक रिकामी जाते, त्याचे आणखी ०.१७ डीबी. झाले २३.८. तुमच्याकडे २३.५ आले. मधले ०.३ बहुधा टेस्ट कनेक्टरला लावलेल्या छोट्या पिगटेल केबलने खाल्ले असतील. म्हणजे तुमचं मोजमाप चांगलंच झालंय, फक्त त्या आकड्याचं नाव चुकलंय. तो सरासरी पॉवरचा आकडा आहे, बर्स्टच्या, म्हणजे त्या एका खणातल्या प्रक्षेपणाच्या, पॉवरचा नाही.

आता तो १२ वर का उतरला? फोनने किती पॉवर सोडायची हे फोन ठरवत नाही, टॉवर ठरवतो. जीएसएम ९०० मध्ये पॉवर कंट्रोल लेव्हल ५ म्हणजे ३३ डीबीएम, ६ म्हणजे ३१, आणि असंच दोन-दोन डीबीने उतरत लेव्हल १९ ला ५ डीबीएम. टॉवरला तुमचा आवाज स्वच्छ पोहोचतोय म्हटल्यावर तो फोनला खाली यायला सांगतो. त्यात बॅटरी वाचते आणि शेजारच्या टॉवरच्या क्षेत्रालाही त्रास होत नाही. तुमचे सरासरी १२ म्हणजे खणातले २१ च्या आसपास, म्हणजे लेव्हल ११. तुमच्या कॉलेजच्या गच्चीवरून टॉवर दिसत असणार! बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हाच फोन लेव्हल ५ वरून खाली येणार नाही. टॉवरपासून लांब गेलं की फोनचं प्रक्षेपण कमी होतं, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात उलट होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. कॉल चालू असताना कोणी बोलत नसेल तर आकडा खाली पडतो, बोलायला लागलं की वर येतो. नेटवर्कने डीटीएक्स (आवाज नसताना प्रक्षेपण थांबवण्याची सोय) चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे तुम्ही गप्प असताना फोन बरेच खण रिकामे सोडतो. रीडिंग घेताना माइकजवळ कोणाला तरी पाढे म्हणायला बसवा, नाहीतर रेडिओ लावून ठेवा.

म्हणून लॅबमध्ये आम्ही नेटवर्क स्वतःच्या हातात घेतो. रेडिओ कम्युनिकेशन टेस्टर नावाचा डबा असतो. सीएमयू २००, ८९६० ही जुनी, पण अजून कामात असलेली नावं, आणि नंतरचा सीएमडब्ल्यू ५००. हा डबा फोनसमोर टॉवर होऊन उभा राहतो, केबलमधून कॉल लावतो, ‘लेव्हल ५ दे’ म्हणतो आणि बर्स्टच्या मधल्या सपाट भागातली पॉवर मोजतो. फोनमध्ये ००१-०१ या नंबराचं टेस्ट सिम घालतात. टूजीमध्ये फोन नेटवर्कची ओळख तपासतच नाही, त्यामुळे तिथे साधं सिमही चालून जातं. थ्रीजीपासून पुढे ओळख दोन्हीकडून तपासली जाते, म्हणून तिथे टेस्ट सिमशिवाय गाडी पुढे सरकत नाही. लेव्हल ५ ला ३१ ते ३५ डीबीएममध्ये काहीही आलं तरी फोन पास. ही सूट पाहून विद्यार्थी चकित होतात. वॉटमध्ये बोलायचं तर सव्वा वॉटपासून तीन वॉटच्या वरपर्यंत सगळं नियमात बसतं.

टेस्टर नसेल आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तरी बर्स्ट डोळ्यांनी पाहता येतो. आधी मीटर जिथे जोडलाय तिथेच, कपलरच्या तिसऱ्या तोंडाला, अ‍ॅनालायझर लावा. थेट फोनला कधीही नाही. बहुतेक अ‍ॅनालायझरच्या इनपुटची मर्यादा ३० डीबीएम, म्हणजे १ वॉट असते आणि तुमचा फोन २ वॉट सोडतो. पुढचा मिक्सर जळला की दुरुस्तीचा खर्च कॉलेजला परवडत नाही आणि त्या अ‍ॅनालायझरवर पुढच्या तीन बॅच पाणी सोडतात. मग ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मॅक्स होल्ड (सर्वांत मोठं रीडिंग पडद्यावर धरून ठेवणारी सोय) लावून फोन कुठल्या चॅनेलवर बोलतोय ते शोधा. तिथे काहीच दिसलं नाही तर १७१० ते १७८५ बघा. कॉल १८०० च्या बँडवर गेला असेल तर तिथली कमाल मर्यादाच ३० डीबीएम आहे, ३३ ची वाट बघत बसू नका. चॅनेल सापडला की स्पॅन शून्य करा, म्हणजे पडदा वेळेनुसार पॉवर दाखवेल; रिझोल्यूशन बँडविड्थ आणि व्हिडिओ बँडविड्थ दोन्ही १ मेगाहर्ट्झ, स्वीप १ मिलिसेकंद, ट्रिगर व्हिडिओवर. पडद्यावर सपाट छपराचं एक घर उभं राहील. त्या छपराची उंची अधिक कपलरचे २० म्हणजे तुमची बर्स्ट पॉवर. खऱ्या नेटवर्कवर फ्रिक्वेन्सी हॉपिंग (फोनने सतत चॅनेल बदलत राहणं) चालू असेल तर घर दिसेल आणि गायब होईल, तेवढा धीर ठेवावा लागतो.

त्या छपराकडे नीट पाहा असं मी मुद्दाम सांगते, कारण आमचे एकदा दोन दिवस त्यावरून गेले. वाहनात बसवायच्या एका ट्रॅकरचे बोर्ड आले होते. सगळेच्या सगळे दीड-दोन डीबी कमी. केबल बदलली, अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारा भाग) बदलला, दुसऱ्या टेस्टरवर लावलं, आकडा हलेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झूम करून पाहिलं तर छप्पर डावीकडून उजवीकडे उतरत होतं, कौलारू घरासारखं. ऑसिलोस्कोपचा प्रोब बोर्डच्या बॅटरीच्या टोकांवर धरला. पॉवर सप्लायवर ३.८ व्होल्ट ठाम दिसत होते, पण बोर्डवर प्रत्येक बर्स्टला व्होल्टेज ३.४ पर्यंत खाली बसत होतं. मी स्वतः लावलेल्या मीटरभर लांबीच्या बारीक वायरी होत्या. बर्स्टमध्ये जीएसएमचा अ‍ॅम्प्लिफायर दीड-दोन अँपिअर ओढतो. वायर आणि क्रोकोडाइल क्लिप मिळून ०.२ ओहम धरला तरी ०.४ व्होल्ट तिथेच गेले. बोटभर लांबीच्या जाड वायरी लावल्या, बोर्डच्या तोंडाशी एक मोठा कपॅसिटर टाकला, छप्पर सरळ झालं आणि पॉवर परत आली. तुम्ही फोन त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवत असाल तर हा त्रास नाही. बाहेरच्या सप्लायवर चालवत असाल तर आधी हे तपासा.

केबलचं नुकसान गृहीत धरू नका, मोजा. सिग्नल जनरेटरवर ९०२ मेगाहर्ट्झ लावून मीटर थेट जोडा, आकडा लिहा. मग मध्ये केबल आणि कपलर घालून पुन्हा लिहा. फरक म्हणजे तुमचं करेक्शन. १८०० साठी हेच वेगळं करावं लागतं, कारण तीच केबल तिथे जास्त खाते. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एसएमएचे कनेक्टर आणि अटेन्युएटर मिळतात, स्वस्तही पडतात. पण वर ‘२०’ छापलंय म्हणून २० धरू नका. आणि बोर्डवरचा तो इवलासा टेस्ट कनेक्टर जपा. प्लग आत गेला की आतली पत्ती दाबली जाते आणि फोनच्या स्वतःच्या अँटेनाशी असलेली जोड तुटून सिग्नल तुमच्या केबलकडे वळतो. ही पत्ती नाजूक असते. वारंवार काढघाल करून ढिली झाली की रीडिंग बोट लावलं तरी हलतं. एकदा लावला की प्रोजेक्ट संपेपर्यंत काढू नका, केबल टेबलाला टेपने चिकटवून टाका.

फोरजीचा फोनही मोजायचा आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथे नेहमीच्या फोनची कमाल २३ डीबीएम, अधिक-उणे २. बँड ४० वर मोजाल तर पुन्हा हाच खड्डा. तो टीडीडी आहे, पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने. दहा सबफ्रेमपैकी दोनच फोनच्या वाट्याला असतील तर सरासरी मीटर ७ डीबी कमी, म्हणजे १६ दाखवेल. बँड ३ किंवा ५ वर पाठवणं आणि घेणं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होतं, म्हणून हा प्रश्न येत नाही, पण फोन सतत डेटा पाठवत असायला हवा. शिवाय मॉड्युलेशन चढत गेलं की फोनला पॉवर थोडी कमी करायची मुभा असते, त्यामुळे कमाल पाहायची तर साध्या मॉड्युलेशनवर, क्यूपीएसकेवरच पाहतात.

फोन न उघडता, शेजारी अँटेना धरून मोजता येईल का? तुलना करता येईल, पॉवर सांगता येणार नाही. फोन दोन सेंटिमीटर सरकला, हात मध्ये आला, भिंतीवरून लाट परतली की आकडा कितीही डीबी हलतो. त्यासाठी अ‍ॅनेकॉइक चेंबर (भिंतींवरून लाटा परतू न देणारी खोली) लागतं, फोन सगळ्या दिशांना फिरवून बेरीज करावी लागते. फोनमध्ये स्टार हॅश ०७ हॅश डायल केल्यावर दिसतो तो सारचा (एसएआर) आकडा, तोही फोनची ट्रान्समिट पॉवर नाही. शरीरात किलोमागे ऊर्जा शोषली जाण्याचा दर आहे तो, आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॉट, १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. अहवालात या दोन्ही गोष्टी एका तक्त्यात घालू नका, परीक्षक तिथेच पकडतात.

एक विनंती. कुठून टेस्टर मिळालाच तर त्याला अँटेना लावून हवेत सिग्नल सोडू नका, केबलनेच जोडा किंवा शील्ड बॉक्स वापरा. परवान्याशिवाय टॉवर चालवणं गुन्हा आहेच, पण आसपासचे खरे फोन तुमच्या खोट्या टॉवरला चिकटू शकतात आणि त्यातल्या कोणाला त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची असू शकते. हवा सगळ्यांची आहे. आपल्याच जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आकाशातली अतिशय क्षीण कुजबुज ऐकत बसलेल्या असतात, तिथल्या लोकांना विचारा हवेतल्या गोंगाटाची किंमत.

आणि टेस्टर न मिळता तुमच्या आत्ताच्या जोडणीत लेव्हल ५ पकडून ठेवायचीच असेल, तर कपलर आणि अँटेना यांच्या मध्ये २० डीबीचा अटेन्युएटर घाला. किमान २ वॉटचा घ्या. टॉवरला तुमचा आवाज क्षीण ऐकू येईल आणि तो फोनला वर चढायला सांगेल. मोजमाप कपलरपाशी, म्हणजे अटेन्युएटरच्या आधीच होतं, त्यामुळे रीडिंगला धक्का लागत नाही. उलट अँटेनाकडून परतणारी लाट जाता-येता दोनदा दाबली जाते, म्हणून आकडा अधिक विश्वासाचा होतो. नेटवर्कच गेलं तर १० वर या, आकडा तरीही उतरत असेल तर ३० करून पाहा. माइकजवळ रेडिओ चालू, कॉल ९०० च्या बँडवर, आणि मीटरचा आकडा कपलरचे २० धरून २३.५ च्या आसपास मिनिटभर हलला नाही, की केबलचे ०.३ आणि खणांचे ९.२ मिळवा आणि वहीत ३३ लिहा.