नव्या नगरसेवकास: ठेका, नातेवाईक आणि इतिवृत्त

नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, सदस्य म्हणून प्रथमच बसण्यापूर्वी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 10 स्वतः वाचा. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास पद जाऊ शकते. जुने, विसरलेले भागीदारीपत्रही आधी वकिलाला दाखवा.

कलमात न बसणारे प्रसंग अधिक अवघड असतात. माझ्या पहिल्या कार्यकाळात भावाच्या पंचवटीतील प्लॉटलगतच्या रस्त्याचा विषय आला आणि मी मत दिले. रस्ता आवश्यकच होता, परंतु त्यानंतर प्रभागातील कोणत्याही रस्त्याविषयी बोललो, की लोकांना तोच प्लॉट आठवे, आणि ते मला आजही सलते. अशा वेळी चर्चा सुरू होण्यापूर्वीच आपला संबंध सांगावा, त्याची नोंद इतिवृत्तात घेण्याचा आग्रह धरावा आणि सभागृहाबाहेर जावे. सिंहस्थाच्या कामांमुळे मेहुणे, मित्र, जुने भागीदार दारी येतीलच (आपल्याकडे नात्याला नाही म्हणणे फार जड जाते). निविदेची माहिती सर्वांना जेथून मिळते तेथूनच घ्यायला त्यांना सांगा, आणि त्यांच्यासाठी अभियंत्याला फोन मुळीच करू नका.